ईटीओच्या खोलीत डोकं दुखतंय? मास्क नंतर, आधी पाईप बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातल्या एका ५०-६० बेडच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय की ओटीला (ऑपरेशन थिएटरला) लागून असलेल्या छोट्या खोलीत ईटीओ मशीन आहे, म्हणजे वाफ न सोसणारं सामान इथिलिन ऑक्साईड (ईटीओ) गॅसनं निर्जंतुक करणारं, सकाळी दार उघडून सामान काढलं की डोकं जड होतं, कधी मळमळतं, तोंडाला विचित्र चव येते. सरांना सांगितलं तर म्हणाले डबल मास्क लावा, आणि वास येत नाही म्हणजे लीक नाही. सोबतच्या एका सिस्टरना तिसरा महिना आहे. काय करावं.

ताई, मी बायोमेडिकलवाला, सांगलीचा. बावीस वर्षं झाली, मिरजेपासून वर कराड-साताऱ्यापर्यंत मशीन बसवणं, दुरुस्त करणं, आणि दुरुस्त होण्यासारखं नसेल तर मालकाशी भांडणं हेच करतोय. तुमच्या सरांच्या बोलण्यातली दोन्ही वाक्यं मी किमान पन्नास हॉस्पिटलात ऐकली असतील आणि दोन्ही चुकीची आहेत, म्हणून जरा लांबडं लिहितो.

आधी वासाचं. इथिलिन ऑक्साईडला वास आहे, गोडसर, ईथरसारखा, पण तो नाकाला कळायला हवेत काही शे पीपीएम गॅस लागतो. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागात किती भाग. आणि आठ तासांच्या ड्युटीत सरासरी किती चालेल तर १ पीपीएम, ही अमेरिकेच्या ओशाची (कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याची) १९८४ सालची मर्यादा, त्याआधी ती ५० होती. १९८८ ला त्यांनी अजून एक जोडली, कुठल्याही १५ मिनिटांत ५ पीपीएमच्या वर नको, कारण दार उघडायच्या दहा मिनिटांतच सगळा मार बसतो आणि आठ तासांच्या सरासरीत तो झाकून जातो. आता हिशोब तुम्हीच करा, चालतं १ आणि नाक सांगणार काही शे ला. म्हणजे वास आला तर तुम्ही आधीच कितीतरी पट जास्त गॅसमध्ये उभ्या आहात, आणि वास नाही आला तर त्याचा अर्थ काहीच होत नाही. फॉर्मलीनचं उलटं आहे, तो डोळ्यातनं पाणी काढून तुम्हाला खोलीबाहेर हाकलतो, त्यामुळं जुन्या स्टाफला सवय लागलीय की झोंबलं तर गॅस. ईटीओ बिचारा काही बोलत नाही.

दुसरा हिशोब मी प्रत्येक ट्रेनिंगला फळ्यावर करून दाखवतो कारण त्यानं लोक गप्प होतात. तुमची खोली समजा ४ मीटर बाय ३ मीटर, उंची ३, म्हणजे ३६ घनमीटर. कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये घालायची गॅसची डबी, १०० ग्रॅमची. ती पूर्ण खोलीत मोकळी झाली तर हवेत साधारण १५०० पीपीएम होतात. नायॉश ही तिथलीच कामगार-आरोग्याची संशोधन संस्था म्हणते ८०० ला जिवाला तात्काळ धोका. म्हणजे हातात मावणाऱ्या एका डबीत त्याच्या जवळपास दुप्पट भरेल एवढा माल आहे. आणि उलट्या बाजूनं, त्याच खोलीत १ पीपीएम करायला किती गॅस लागतो? ६५ मिलिग्रॅम. चिमूटभर पण नाही. त्यामुळं 'थोडंसंच निसटतंय' हे वाक्य या खोलीत चालत नाही.

आता मास्क. सर्जिकल मास्क, एन-९५, डबल, टिबल, कितीही लावा, ते कण अडवतात, गॅस नाही. शून्य उपयोग, उलट उगीच धीर येतो. ईटीओसाठी मास्कला लावायचे वेगळे मंजूर कॅनिस्टर (गॅस शोषणारे डबे) असतात, मोठ्या लीकमध्ये तर स्वतःचा हवेचा सिलिंडर पाठीवर घेतलेला माणूसच आत गेला पाहिजे, ते आपल्याकडं फायर ब्रिगेडकडं असतं, हॉस्पिटलच्या कपाटात नाही. रबरी लेटेक्स ग्लोव्हजचं पण तसंच, गॅस आरपार जातो. आणि एक आपल्याकडची गंमत, चामड्याच्या चपला. हे रसायन १०.७ अंशाला उकळतं, म्हणजे महाबळेश्वरची कडाक्याची थंडी सोडली तर आपल्याकडं बाहेर आलं की गॅसच, पण कार्ट्रिज फुटून चिळकांडी उडाली तर क्षणभर द्रव असतो आणि चामडं तो पिऊन धरून ठेवतं. मग पायावर फोड येतात. अशी कोल्हापुरी धुवून साफ होत नाही, सरळ टाकून द्यायची. घड्याळाचा चामडी पट्टा पण. सीएसएसडीत (निर्जंतुकीकरणाच्या विभागात) कोल्हापुरी घालून येणारे मामा मी पाहिलेत म्हणून लिहितोय.

मग बचाव कशात आहे? गॅस माणसापर्यंत पोचतो कुठं ते बघितलं की उत्तर आपोआप निघतं. माझ्या हिशोबानं तुमच्याकडं तीन जागा असणार: दार उघडताना, सामान एका ठिकाणाहून दुसरीकडं नेताना, आणि एक्झॉस्टच्या पाईपवर. तिसरीकडं कुणीच बघत नाही म्हणून तिथनंच सुरुवात करतो.

सांगलीतल्या एका हॉस्पिटलात, नाव नको, मला बोलावलं ते मशीन 'एरर दाखवतंय' म्हणून. व्हॅक्यूम पंपाला मागनं प्रेशर येत होतं. खोलीत बसून तासभर व्हॉल्व उघडझाक केले, काही सापडेना. शेवटी पाईपच्या मागं मागं गेलो, फॉल्स सीलिंगमधनं, डक्टमधनं, गच्चीवर. तिथं पाईपचं तोंड कमरेएवढ्या उंचीवर भिंतीतनं बाहेर आलेलं आणि त्याला दुधाची प्लॅस्टिकची पिशवी सुतळीनं गच्च बांधलेली. कुणी बांधली? तर एका मावशींनी, कारण त्यात गांधीलमाश्या घर करत होत्या आणि मावश्या हिवाळ्यात उन्हाला तिथंच डबा खायला बसायच्या. म्हणजे पिशवी नव्हती तेव्हा गॅस मावशींच्या डब्यावर, आणि पिशवी बांधल्यावर गॅस उलटा खाली, पाईपच्या पहिल्या ढिल्या क्लॅम्पमधनं टेक्निशियनच्या डोक्यावर. त्या टेक्निशियनला चार महिने डोकेदुखीची गोळी चालू होती, चष्म्याचा नंबर पण दोनदा तपासून झाला होता. मावशींचा काही दोष नाही हो, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हा पाईप कशाचा. त्यावर चार शब्दाची पाटी असती तर एवढं झालं नसतं.

पाईप कसा पाहिजे: धातूचा किंवा कंपनीनं सांगितलेल्या मटेरियलचा, सांधे कमीत कमी, कुठल्याही दुसऱ्या डक्टला न जोडलेला, छताच्या वर उभा गेलेला, पावसासाठी टोपी आणि किड्या-पाखरांसाठी जाळी, आणि खिडक्या किंवा एसीची हवा ओढायची जागा यापासून किमान २५ फूट लांब. हा गॅस हवेच्या दीडपट जड आहे, म्हणून खिडकीच्या वरच्या बाजूला सोडला तर तो खाली उतरून खिडकीतनं आतच यायची शक्यता. याच कारणानं तळघरात मशीन ठेवायला माझा कायम विरोध. २०१९ च्या पुरात तळघरात पाणी शिरल्यावर सांगलीत बऱ्याच जणांची यंत्रं वरच्या मजल्यावर गेली, माझं म्हणणं जे कुणी ऐकत नव्हतं ते कृष्णामाईनं एका रात्रीत पटवलं.

आणि बादली! छोट्या मशीनचा एक्झॉस्ट पाण्याच्या बादलीत नाहीतर त्याच खोलीतल्या मोरीच्या जाळीत सोडलेला असतो, वर सांगतात गॅस पाण्यात विरघळतो. विरघळतो ना, पूर्ण विरघळतो. पण विरघळणं आणि नष्ट होणं वेगळं. साध्या पाण्यात त्याचं ग्लायकॉल होऊन निम्मा संपायला १२ ते १४ दिवस लागतात, तोवर तो बादलीतनं हळूहळू परत खोलीत येत राहतो. खरं स्क्रबर (बाहेर जाणारा गॅस धुवून काढायचं यंत्र) असतं त्यात पाण्याबरोबर ॲसिड असतं म्हणून ते काम लवकर होतं. तुमच्याकडं बादली असेल तर ती तुमच्या डोकेदुखीची पहिली संशयित समजा.

आता दार. तुमचं मशीन कुठल्या प्रकारचं ते तुम्ही लिहिलं नाही. दोन प्रकार दिसतात, एक ज्यात गॅस आणि एरेशन (सामानात मुरलेला गॅस हवेनं बाहेर काढणं) एकाच चेंबरमध्ये होतं आणि एक जुना, ज्यात गॅस झाला की सामान काढून वेगळ्या कपाटात हवेशीर करायचं. सगळ्यात वाईट क्षण तोच, ताजं गॅस प्यालेलं सामान हातात धरून चालत जायचं. अमेरिकेत याच कारणानं २८ फेब्रुवारी २०१० नंतर हॉस्पिटलांना दोन्ही एकाच चेंबरमध्ये करणं सक्तीचं झालं. मशीन बदलायची ताकद असेल तर हे पहिलं बदला. नसेल तर मग शिस्त: सायकल (मशीनचा एक पूर्ण फेरा) संपली की दार सहा इंच किलकिलं करायचं आणि पंधरा मिनिटं खोलीबाहेर, एक्झॉस्ट चालू. मग ट्रॉली पुढं ढकलायची नाही, मागं ओढत न्यायची, म्हणजे चालताना सामानावरची हवा तुमच्या तोंडावर येत नाही. एवढ्याशा गोष्टीनं फरक पडतो.

एरेशनचं सांगतो कारण खरी मारामारी इथंच आहे. स्टील आणि काच गॅस पीत नाहीत. रबर पितं, आणि पीव्हीसीच्या नळ्या तर अधाशासारख्या पितात. मशीनमध्ये ६० अंशाला ८ तास, ५० ते ५५ ला १२ तास, आणि नुसतं कपाटात ठेवलं तर २० अंशाला ७ दिवस. सात दिवस! आणि हे सात दिवस ते कपाट तुमच्या खोलीत गॅस सोडत असतं. पण रात्री आठला मशीन लावलं आणि सकाळी नऊच्या लिस्टला सर्जनला सामान पाहिजे, मग काय, 'काढ गं, झालंय तेवढं बास.' मला माहितीय तुम्हाला नाही म्हणता येत नाही. त्यात रात्री लाईट गेली तर जनरेटरवर ओटी आणि आयसीयू चालतं, ईटीओ बंद पडतं आणि सकाळी स्क्रीनवर काहीच दिसत नाही की एरेशन किती झालं. म्हणून मशीन जनरेटरच्या लाईनवर घ्या, आणि लाईट गेली असेल तर एरेशन पहिल्यापासून धरायचं, उरलेलं नाही. पॅकवरच्या इंडिकेटरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे गॅस लागला एवढंच कळतं, गॅस निघाला हे त्यातनं कळत नाही. आणि न निघालेला गॅस पेशंटच्या अंगाला लागतो, हे सर्जनला सांगा, स्वतःच्या डोकेदुखीपेक्षा हा मुद्दा लवकर पटतो असा माझा अनुभव. वाईट आहे पण खरं आहे.

खोलीच्या हवेबद्दल. तासाला किमान दहा वेळा सगळी हवा बदलली पाहिजे. ३६ घनमीटरला म्हणजे तासाला ३६० घनमीटर, फॅनवाल्याच्या भाषेत २१२ सीएफएम (मिनिटाला घनफूट). तेवढा फॅन, चोवीस तास चालू, बटण खोलीच्या बाहेर, आणि आत हवा यायला दाराला जाळी. खोलीत हवा बाहेरनं आत यायला पाहिजे, आतनं ओटीच्या पॅसेजमध्ये नाही. तपासायला कुणाला बोलवायला नको: टिश्यू पेपरची पट्टी बंद दाराच्या फटीशी धरा, आत ओढली गेली तर ठीक, बाहेर फडफडली तर तुमचा गॅस ओटीत चाललाय. स्प्लिट एसी हवा गार करतो, बदलत नाही. उलट लोक 'एसी चालूय' म्हणून खिडकी-फॅन दोन्ही बंद करतात.

उदबत्तीनं पण ही टेस्ट होते, पण उदबत्ती या खोलीत अजिबात नाही. हा गॅस हवेत ३ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत पेट घेतो, म्हणजे हवा नसली तरी. आणि खंडेनवमीला आपण सगळे काय करतो? मशीनला हार, कुंकू, आणि पुढं निरांजन. कार्ट्रिजच्या खोक्यावर कापूर ठेवलेला मी स्वतः उचललाय. पूजा करा, जरूर करा, माझी पण श्रद्धा आहे, आरती पॅसेजमध्ये. कार्ट्रिजा खोलीत लागतील तेवढ्याच, बाकी थंड हवेशीर जागी, उन्हात नाही.

मोजमाप. भिंतीवरचा डिटेक्टर घेतला तर तो श्वासाच्या उंचीला, मशीनच्या दाराजवळ, आणि लक्षात ठेवा की ईटीओचे बरेच सेन्सर स्पिरिट आणि सॅनिटायझरला पण ओरडतात. मिरजेत एका ठिकाणी रोज सकाळी नऊला अलार्म वाजायचा, लोक कंटाळले, प्लग काढून मोबाईल चार्जिंगला लावायला लागले. नऊला काय व्हायचं तर मावशी ट्रॉली स्पिरिटनं पुसायच्या. पुसायची जागा बदलली, अलार्म गप्प, आणि दोन महिन्यांनी तो खऱ्या गॅससाठी वाजला, दाराचं गास्केट (सील करणारं रबर) गेलं होतं. डिटेक्टर महाग वाटत असेल तर निदान गॅस मोजणारा बॅज घ्या, कॉलरला लावायचा, खिशात नाही, एक पूर्ण ड्युटी आणि एक फक्त दार उघडायची १५ मिनिटं असे वेगवेगळे. आकडा कागदावर आला की मॅनेजमेंटचा सूर बदलतो.

सिस्टरबद्दल. त्यांना आजपासून, उद्यापासून नाही, पॅकिंगला किंवा ऑटोक्लेव्हला (वाफेच्या मशीनला) पाठवा, पण पॅकिंगचं टेबल ईटीओच्याच खोलीत असेल तर काही उपयोग नाही. फिनलंडमध्ये हॉस्पिटलच्या स्टरिलायझिंग स्टाफचा अभ्यास १९८२ साली छापून आला होता, त्यात गरोदरपणात ईटीओशी काम केलेल्यांत गर्भपात जास्त दिसले. आणि १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवाली संस्था याला पहिल्या गटात धरते, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे नक्की झालेल्या गटात. हे पुरुषांनाही लागू आहे बरं का, डीएनएला चिकटणारं रसायन बाई-पुरुष बघत नाही. म्हणून गरोदर बाईला हलवली आणि तिच्या जागी कुणा मामाला उभं केलं की प्रश्न सुटला असं नसतं. तुमची ती विचित्र चव, मळमळ, डोकं जड, ही याचीच ओळखीची लक्षणं आहेत. फिजिशियनला दाखवताना 'ईटीओवर काम करते' हे आधी सांगा, नाहीतर ॲसिडिटीची गोळी मिळेल. वर्षाचा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करतात तो करू द्या, पण तो नॉर्मल आला म्हणजे गॅस लागला नाही असं नाही.

खरंच लीक झालं तर: सगळे बाहेर, दार बंद, एक्झॉस्ट चालू असेल तर चालूच, आतलं कुठलंही बटण दाबायचं नाही, मोबाईल-पर्स आणायला परत जायचं नाही. अंगावर उडालं तर कपडे-चपला लगेच काढून १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली, डोळ्याला पण तेवढंच. आणि माणूस 'बरं वाटतंय' म्हणाला तरी घरी सोडायचा नाही, फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं पण यावर वाद होतो. तुमच्या मशीनमध्ये रोज जातं काय ते एकदा आठवडाभर वहीत लिहा. मी ज्यांना ज्यांना लिहायला लावलं त्यांच्याकडं स्टीलच्या कात्र्या, फोर्सेप्स, काचेच्या सिरिंज असं सामान निघालं, का तर 'ऑटोक्लेव्ह भरलाय' किंवा 'ईटीओ पॅक जास्त दिवस टिकतो'. वाफेला जे चालतं ते वाफेलाच. काहींचं सिंगल यूजचं सामान पण परत परत त्यात फिरतं, त्यावर मी इथं लिहीत बसत नाही, समजणाऱ्याला समजेल. हे सगळं काढलं की रोजच्या सायकली आठवड्याला दोनवर येतात, आणि ज्या सायकली होत नाहीत त्यांचा गॅस निसटत नाही. अर्ध्या लोडला पण कार्ट्रिज पूर्णच फुटते, म्हणून लोड भरल्याशिवाय मशीन लावायचं नाही. प्लाझ्मा मशीन (हायड्रोजन पेरॉक्साईडनं निर्जंतुक करणारं) घ्या असं कुणी सुचवेल, चांगलं आहे, लवकर होतं, पण त्यात कापड-कागद चालत नाही, लांब बारीक नळ्यांना मर्यादा आहे, आणि हायड्रोजन पेरॉक्साईड पण हाताची कातडी पांढरी करतो.

सरांशी बोलताना 'मला त्रास होतोय' एवढ्यावर थांबू नका, लेखी द्या, तारीख घाला, सायकल नंबर घाला, कुणाकुणाला काय झालं ते घाला. आणि त्याआधी उद्या दुपारी, मशीन बंद असताना, मेंटेनन्सच्या माणसाला सोबत घेऊन पाईपच्या मागं मागं गच्चीपर्यंत जा. तोंड कुठं निघतंय, शेजारी कुठली खिडकी आहे, कुणी काही बांधलंय का, त्याचे दोन फोटो काढून इथं टाका, मशीनच्या मागच्या कंपनी-मॉडेलच्या पट्टीचा पण एक टाका, मग पुढचं सांगतो.